पोरीसुद्धा

काकांच्या घरात प्रत्येक वस्तूला टिकली होती. निळी टिकली मुलाची. तो सांता क्लाराला. पिवळी मुलीची, ती मिनेसोटात, ईडन प्रेरीला. सोफा निळा, झोपाळा पिवळा. मिक्सर पिवळा, पण त्याचं चटणीचं भांडं निळं, कारण एका दिवाळीत मुलानं त्याचं कौतुक केलं होतं. अंगणातल्या मॅग्नोलियाच्या खोडालासुद्धा प्लॅस्टिकखाली पिवळी टिकली होती. ते झाड मिनेसोटाला कसं नेणार, हे काकांना विचारायची सोय नव्हती.

मी जॉर्जियात अल्फारेटाला नोकरीसाठी आले आणि त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्यानं राहू लागले. दुसऱ्याच दिवशी माझ्या टेबलाच्या पोटाशी निळी टिकली सापडली.

"काका, म्हणजे मी तुमच्या मुलाच्या टेबलावर काम करते?"

"अजून माझ्या. मी मेल्यावर त्याच्या. तोवर चहाच्या कपाखाली काहीतरी ठेवत जा."

भाडेकरार त्यांनी मला सगळा मोठ्यानं वाचायला लावला होता, चौदा पानं. मी मधलं एक कलम गाळलं, तर त्यांनी बोट ठेवून मागं नेलं. "न वाचता सही करणारी माणसं मी खूप पाहिली. वाच. आणि मोठ्यानं वाच, मनात वाचलेलं माणूस विसरतो." ते जमीन मोजणारे इंजिनिअर. आयुष्यभर जॉर्जियाची लाल माती मोजली, हायवेसाठी, धरणांसाठी, मॉलसाठी. कुठलीही गोष्ट सांगितली की त्यांचा एकच प्रश्न असे, "कागद काय म्हणतो?" मराठी मंडळात कोणी गावाकडच्या शंभर एकरांचा विषय काढला की काका प्लेटमधली जिलबी खाली ठेवून विचारत, "गट नंबर?" लोक त्यांना टाळत. मला मात्र ते आवडायचे, आणि तितकाच त्यांचा रागही यायचा.

रागाचं कारण माझं घर. माझे बाबा नागपूरला शाळेत शिक्षक, पण खरं काम पत्रकं काढण्याचं. मी बाराखडी गिरवली ती छापखान्यातून परत आलेल्या चुकीच्या प्रुफांवर. वारसाहक्क म्हणजे मेलेल्या माणसानं जिवंतांवर ठेवलेला हात, असं एक वाक्य आमच्या घरातल्या गठ्ठ्यांमध्ये कुठंतरी होतं आणि मी त्यावर वाढले. त्यामुळे त्या टिकल्या माझ्या डोळ्यांत खुपायच्या. एकदा मी बोललेच, "काका, तुम्ही जिवंतपणी स्वतःचा लिलाव मांडलाय."

"लिलाव होऊ नये म्हणून टिकल्या आहेत," ते म्हणाले. "लिलाव काय असतो ते तुला बघायचंय? मंगळवारी चल."

डोळ्यांमुळे त्यांची गाडी बंद झाली होती. मंगळवारी माझं वर्क फ्रॉम होम असायचं. मी ड्राइव्ह करत होते, ते शेजारी पोह्यांचा डबा आणि भिंग मांडीवर घेऊन बसले होते. इंडियन ग्रोसरी, ऑफिसांच्या काचा, सगळं मागं गेलं आणि दोन्ही बाजूंना नुसते पाइन. दीड तासानं एका जुन्या कौंटीचं कोर्ट आलं. त्याच्या तळघरात रेकॉर्ड रूम, आणि तिथं गुलामगिरीच्या काळातली मृत्युपत्रं आणि वाटणीचे कागद. जुन्या अक्षरातलं ते सगळं कोणीतरी वाचून टाइप करायचं होतं. काका सहा वर्षं दर मंगळवारी ते फुकट करत होते.

माझ्या डोक्यात पांढऱ्या खांबांचे महाल होते. काकांनी माझ्यापुढे एक पान ओढलं. दोनशे एकर, चार बैल, एक घोडी, भिंतीवरचं एक घड्याळ, सहा माणसं.

"महाल कुठला गं? लाकडाच्या दोन खोल्या. आपल्याकडच्या बऱ्यापैकी शेतकऱ्याएवढाच हा. कापूस लावायचा, मका लावायचा, रविवारी चर्चला जायचं. पाच मुलं. मेला. आता सांग, सहा माणसं पाच जणांत कशी वाटशील?"

मी यादी परत वरून वाचली.

"पाच चिठ्ठ्या टोपीत टाकल्या. ज्याला जो निघाला तो. सहावी उरली, सात वर्षांची पोर. ती विकली आणि आलेलं पाच जणांत सारखं वाटलं. बघ, किती काळजी घेतलीय. कोणा भावावर अन्याय नको."

पुढच्या पानावर एका बापानं लग्न झालेल्या लेकीला 'मायेपोटी' एक मुलगी दिली होती. कागदावर तसंच लिहिलं होतं, नॅचरल लव्ह अँड अफेक्शन. दिलेल्या मुलीचं नाव दायना. पुढे लिहिलं होतं, 'अँड हर इन्क्रीज'.

"इन्क्रीजला मराठीत काय म्हणशील?" काकांनी विचारलं.

"वाढ. पगारवाढ म्हणतो तशी."

"तिची पोरं. अजून न झालेली. ही दायना नऊ वर्षांची आहे इथं."

मी कागदावरून वर पाहिलं. काका तेव्हा उभे होते. ते का उभे आहेत हे मला कळलं नव्हतं. खुर्ची मागं रिकामी होती आणि त्यांचे गुडघे वाईट होते. मग लक्षात आलं. जमीन, बैल, घड्याळ हे ते बसून टाइप करत. माणसांची ओळ आली की टेबलाचा आधार घेत उठत, ती ओळ उभ्यानं वाचत, मान खाली घालून एका बोटानं टाइप करत, आणि मग बसत. एका कागदावर अठरा माणसं निघाली. अठरा वेळा उठले.

"एकदाच उठून उभे का राहत नाही?" मी विचारलं.

"मध्ये मध्ये बैल येतात," काका म्हणाले.

रेकॉर्ड रूममध्ये मिस लोरीन होत्या. काळ्या, उंच, शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. त्या काकांच्याही आधीपासून हे काम करत होत्या. काकांना त्या 'सर' म्हणत आणि मला 'हनी'. काकांचे पोहे त्यांना आवडत, पण शेंगदाणे त्या मोजल्यासारखे बाजूला काढत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला एका पुस्तकातलं पान दाखवलं. "माझ्या पणजीची आई मला ह्या खोलीत सापडली, हनी. बैलाच्या खाली आणि घड्याळाच्या वर." ही तीच दायना होती.

त्यानंतर मी बहुतेक मंगळवारी जाऊ लागले. परतताना मी गाडीत पेटलेली असायचे. ह्या लोकांना काय म्हणायचं, देवाचं नाव घेऊन पोरं वाटणारे, असं माझं भाषण सुरू व्हायचं. काका ऐकून घ्यायचे. शेवटी म्हणायचे, "आपल्याकडे निदान हे नव्हतं. जात होती, अन्याय होता, नाही म्हणत नाही. पण माणसाची वाटणी नव्हती." एवढं एकच वाक्य ते कागद न मागता बोलायचे, आणि मीही त्यांना कागद मागितला नाही. बाबांच्या पत्रकांमध्ये जमीनदार होते, सावकार होते, पुरोहित होते. मोडी लिपीतला वाटणीचा कागद नव्हता.

तो कागद काकांकडे होता. पत्र्याच्या नळीत, कापडात गुंडाळलेला, त्यांच्या खापरपणजोबांच्या पिढीचा. तीन भावांची वाटणी. घरातली एवढी एकच वस्तू बिनटिकलीची होती, कारण ती दोन्ही मुलांना हवी होती. मोडी दोघांनाही येत नव्हती. काकांना त्यांच्या वडिलांनी शिकवली होती.

गणपतीत मंडळानं 'आपला वारसा' म्हणून एक टेबल मांडलं, तेव्हा काकांनी तो कागद नेला आणि जमलेल्या लोकांना वाचून दाखवला. धाकट्या भावाच्या वाट्याला काय आलं ते असं होतं: "मळा एक विहिरीसुद्धा. म्हशी दोन रेडकांसुद्धा. कुणबीण एक पोरीसुद्धा. घंगाळं दोन."

मी मागून ओरडले, "अहो काका, ही तर माझी आजी! आम्ही कुणबीच!"

सगळे हसले. मीही हसले, अगदी मनापासून. काका हात वर करून म्हणाले, "शेतावर कामाला येणारी बाई. बघा, कामवालीचीसुद्धा नोंद ठेवायचे लोक." टाळ्या पडल्या. कोणीतरी म्हणालं, "व्वा, काय रेकॉर्ड कीपिंग आहे!"

त्या टाळ्यांमुळेच बहुधा, पुढच्या मंगळवारी काकांनी त्या कागदाचा फोटो आणि स्वतः टाइप केलेलं इंग्रजी भाषांतर मिस लोरीनना दाखवायला नेलं. त्यांची एवढी पानं वाचली, आता आपलं एक त्यांना दाखवावं, असा भाबडा आनंद होता त्यात.

मिस लोरीन बोट फिरवत वाचत गेल्या. मळा, विहीर, म्हशी. मग बोट थांबलं.

"सर, ही बाई कोण?"

"शेतावर काम करणारी."

"पगारी?"

"हो. म्हणजे, धान्य वगैरे देत असतील."

"मग ती वाटणीत कशी आली?"

काका म्हणाले, "तशी पद्धत असेल."

"पगारी माणसाची वाटणी कोणी करत नाही, सर. पगारी माणूस संध्याकाळी आपल्या घरी जातो." त्यांचा आवाज चढला नव्हता. शाळेत गणित चुकलेल्या पोराला सांगावं तसा होता. "मुलीचं वय लिहिलंय?"

"नाही."

"नावं?"

"नाहीत."

"मला तुमची भाषा येत नाही. पण ही यादी येते."

काका कसंबसं म्हणाले, "मॅडम, आम्ही साधे शेतकरी होतो."

मिस लोरीननी समोर उघड्या पडलेल्या पुस्तकाकडे पाहिलं. "हेही," त्या म्हणाल्या.

परतीच्या रस्त्यात काकांनी पोह्यांना हात लावला नाही. डबा तसाच भरलेला होता. घरी आल्यावर त्यांनी निळ्या टिकलीचं कपाट उघडलं आणि जुना, जाडजूड मराठी शब्दकोश काढला. भिंग लावलं. मी खांद्यावरून वाचलं. कुणबीण: एक, कुणब्याची बायको. दोन, दासी, विकत घेतलेली बटकी.

"सत्तर वर्षं," काका म्हणाले, "सत्तर वर्षं मी एक नंबरवर थांबलो."

मग त्यांनी नळीतून कागद काढला आणि टेबलावर पसरला. मळा, विहीर, म्हशी बसून वाचल्या. पुढच्या ओळीला उठले. उभं राहून ती ओळ वाचली, पुन्हा वाचली. "आपण इन्क्रीजला शब्द शोधत होतो ना? हा बघ. सुद्धा. विहिरीसुद्धा, रेडकांसुद्धा, पोरीसुद्धा."

त्या आठवड्यात मी एक पत्रक लिहिलं. एका बैठकीत, न खोडता. 'टिकल्यांचे मालक' असं नाव दिलं. काकांना आणि त्यांच्या पूर्वजांना झोडलं, मंडळाच्या वारशाच्या टेबलाला झोडलं, टाळ्या वाजवणाऱ्यांना झोडलं. आणि तत्त्वाचा प्रश्न म्हणून, छापण्याआधी ते काकांना वाचायला दिलं. मला वाटलं होतं चिडतील, बेसमेंट खाली करायला सांगतील. मी मनातून तयारीही केली होती.

काकांनी ते मोठ्यानं वाचलं. सगळं. मग चष्मा काढला.

"चांगलं आहे. मला शिव्या आहेत त्या बरोबर आहेत, एकही खोडू नकोस. पण हे माझ्याबद्दल आहे. तिच्याबद्दल ह्यात एक ओळ नाही."

"तिच्याबद्दल काय लिहिणार? काहीच माहीत नाही."

"तेच. दायनाच्या मालकानं तिचं नाव तरी लिहिलं. म्हणून ती लोरीनबाईंना सापडली. आम्ही तेवढंही केलं नाही." पत्रक माझ्याकडे सरकवत म्हणाले, "आणि तू हसलीस तेही ह्यात नाही. मी टाळ्या घेतल्या, तू हसलीस. कागदावर सगळं यायला हवं."

मी पत्रक परत घेतलं. मला माझ्या आजीचा चेहरा आठवत होता, आणि मी त्या बाईला कुठल्या विनोदासाठी आजी म्हणाले तेही.

नाव शोधायचं काकांनी मनावर घेतलं. गावाकडे चुलतभावाला फोन लावला, स्पीकरवर.

"दादा, बरेच दिवसांनी! तब्येत काय म्हणते?"

"तब्येत राहू दे. जुन्या वाटणीत एक कुणबीण होती, मुलगी होती तिला. त्यांचं पुढं काय झालं? कोणी आहे का त्यांच्यातलं?"

मग सावध आवाज, "दादा, जमिनीचं काही काढताय का? तुमच्या हिश्श्याचं तुम्ही लिहून दिलंय."

"मला हिस्सा नको. नाव हवंय."

"कशाला उकरता आता? ते लोक गेले."

"कुठं गेले?"

"गेले म्हणजे... गेले. तुम्ही तिकडं राहता दादा, आम्हाला इथं राहायचंय."

काकांनी अजून दोघांना फोन केले. एकानं वडिलोपार्जित विहिरीचा फोटो पाठवला, वर नमस्काराचे हात. नाव मिळालं नाही.

पुढच्या मंगळवारी काका मिस लोरीनसमोर उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. "तुम्ही बरोबर वाचलंत," ते म्हणाले. "आमच्या घरात होती. एक बाई आणि तिची मुलगी."

मी मिस लोरीनकडे बघत होते. मला वाटलं त्या काकांचा हात हातात घेतील, काहीतरी मोठं बोलतील. त्यांनी तसलं काही केलं नाही. ड्रॉवरमधून त्यांनी रेकॉर्ड रूमचा छापील फॉर्म काढला आणि पेन्सिल पुढं केली. "मग लिहा, सर. इथं आपण तेच करतो."

त्या फॉर्मवर चार रकाने होते. काकांनी उभ्यानंच भरले. नाव: कोरं. वय: कोरं. कोणाकडून: तीन भाऊ. कोणाकडे गेली: धाकटा, माझा खापरपणजोबा. मग दुसऱ्या ओळीवर मुलगी. नाव: कोरं. अक्षर मोजणीच्या नकाशावर असावं तसं स्वच्छ होतं.

मी काकांच्या मागं लागले. मुलांना सांगा. तुमचा मुलगा तो कागद दिवाणखान्यात फ्रेम करून लावणार आहे, पाहुण्यांना दाखवणार आहे. एकदा त्यांनी व्हिडिओ कॉलवर सुरुवात केली. मुलगा म्हणाला, "बाबा, इंटरेस्टिंग. पण मी मीटिंगमध्ये आहे, कॉल यू बॅक." मुलगी म्हणाली, "बाबा, यू साउंड टायर्ड. औषध घेताय ना?"

"फोनवर नाही," काका मला म्हणाले. "ते आले की वाचतो. समोर बसवून."

"आणि ते आलेच नाहीत तर?"

"मी मेल्यावर येतील. तेव्हा तू वाच. मोठ्यानं वाच."

ते मार्चमध्ये गेले. दुपारी, झोपाळ्यावर. मला आधी वाटलं डोळा लागलाय.

मुलगा आणि मुलगी दोघंही आली. चांगली माणसं होती दोघं, मला वाईट बोलता येणार नाही. रडली, एकमेकांना धरून बसली, मला म्हणाली हवे तितके महिने राहा. मग टिकल्यांचं काम सुरू झालं आणि कुठंही भांडण झालं नाही. काकांनी सगळं इतकं नीट लावून ठेवलं होतं. चटणीच्या भांड्यावरची निळी टिकली बघून दोघं हसली आणि परत रडली. मॅग्नोलियाशी मुलीनं फोटो काढला.

शेवटी कपाटातली पत्र्याची नळी निघाली. तिच्यावर आता टिकली होती.

"ओह, द मोडी थिंग!" मुलगा म्हणाला. "ह्यासाठी मी वॉल रिकामी ठेवलीय."

"एक्स्क्यूज मी, मलाही हवंय. टिकली कुठली आहे?"

"व्हाइट." त्यानं नळी उजेडात धरून फिरवली. "व्हाइट कोणाची? नाव तरी लिहायचं."

"विसरले असतील," मुलगी म्हणाली. "शेवटी शेवटी विसरायचे."

"विसरले नाहीत," मी म्हणाले. "त्यांना नाव सापडलं नाही."

दोघंही माझ्याकडे बघायला लागली. मी बेसमेंटची भाडेकरू. माझा ह्या घरात काही हिस्सा नव्हता, माझ्या नावाची एकही टिकली कुठं नव्हती. नळीत मूळ कागदाबरोबर काकांनी देवनागरीत उतरवलेली प्रत होती, आणि त्या फॉर्मची झेरॉक्स.

"तुला वाचता येतं?" मुलानं विचारलं. "प्लीज, वाच ना. बाबांनी आम्हाला कधी पूर्ण वाचून दाखवलंच नाही." त्यानं माझ्यासाठी खुर्ची ओढली. मुलगी फोन बाजूला ठेवून सोफ्यावर पाय दुमडून बसली, लहानपणी गोष्ट ऐकायला बसत असेल तशी.

मी बसले आणि वाचायला लागले. मळा एक विहिरीसुद्धा. म्हशी दोन रेडकांसुद्धा. तिथं मी खुर्ची मागं सारून उठले.

"काय झालं?" मुलीनं विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. "पुढची ओळ आहे."